अठरा ग्रॅम पाणी आणि माझा डुगडुगता पाय

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पारडी पितळेची, दांडी पोलादी आणि स्वभाव चिकित्सक. उगाच कुणाच्या बाजूने झुकणं मला जन्मात जमलं नाही.

माझी उमेदीची वर्षं भोपाळच्या एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तिथे बोल्ट आणि वायसर, म्हणजे वॉशरच्या चकत्या, एकेक करून कोण मोजत बसणार? एका नगाचं वजन घ्यायचं, मग भरल्या पिशवीचं, आणि भागाकार करायचा. वजनावरून मोजणी हा माझा हातखंडा होता. पुढे नवी यंत्रं आली आणि मला टाउनशिपच्या शाळेत धाडलं. तिथल्या प्रयोगशाळेत मी कपाटावर धूळ खात पडलो, एक पायही डुगडुगायला लागला. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

मग अकरावीतली कल्पना आली. रसायनशास्त्रात ती दोनदा नापास झाली होती. आता तोंडी परीक्षेतही अडली, तर तिला विज्ञान सोडावं लागणार होतं. शाखाबदलाच्या अर्जावर सही करायला तिचे बाबा दिगंबरराव कारखान्यातून तडक आले होते.

तोंडी परीक्षा घेणाऱ्या रसायनशास्त्राच्या शकुंतलाबाई मूळच्या ग्वाल्हेरच्या, भारी शिस्तीच्या. त्यांनी विचारलं, "मोल म्हणजे डझनासारखाच ठरलेला आकडा, फक्त प्रचंड मोठा. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. त्यात अणू किती?"

"सहा पूर्णांक शून्य दोन गुणिले दहाचा तेविसावा घात," कल्पनाने घडाघडा सांगितलं.

"हे झाले रेणू. मी अणू विचारले."

पोरीचे डोळे भरून आले आणि वर बसल्या बसल्या माझा जीव कासावीस झाला.

दिगंबररावांनी पेन उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. "अरे, हा तर आमचा स्टोअरवाला," म्हणत त्यांनी मला खाली घेतलं आणि रुमालाने पुसलं. कित्येक वर्षांनी कुणी मायेने हात फिरवला होता.

"मॅडम, दो मिनट," असं म्हणून त्यांनी खिशातून एक बोल्ट आणि दोन वायसर काढले. "कल्पू, हा आमचा एक सेट. पिशवी तोलली की सेट किती ते कळतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी हजार सेट तोलले आणि नग हजार लिहून मोकळा झालो. फोरमन दिवसभर हसत होता. का, सांग बरं?"

कल्पनाने बोल्ट माझ्या पारड्यात ठेवला, मग एकेक वायसर. "नग तीन हजार होते," ती म्हणाली आणि एकदम थांबली. "बाई, हा बोल्ट ऑक्सिजन, हे दोन वायसर हायड्रोजन. तोलून रेणू कळले. अणू त्याच्या तिप्पट."

"आणि सतरा ग्रॅम अमोनियात?"

"तोही एक मोल. एक बोल्ट नायट्रोजनचा, तीन वायसर हायड्रोजनचे. चौपट, बाई."

बाई चक्क हसल्या. दिगंबररावांचं पेन अजून उघडंच होतं. बाईंनी त्यांच्या हातून अर्ज घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि तो माझ्या डुगडुगत्या पायाखाली सारला. "आता हा टेबलावरच राहील," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी ताठ उभा आहे आणि जाम खूश आहे. तुमच्या शाळेतही कपाटावर कुणी म्हातारा असेल, त्याला खाली उतरवा, पुसा, कामाला लावा. मलाही जरूर पुसा, पण पायाखालचा कागद तेवढा काढू नका. कल्पना एमएस्सी होऊन याच प्रयोगशाळेत शिकवायला आली, तरी त्या अर्जावरची सहीची जागा अजून कोरीच आहे.