घर दाखवायचं होतं

घर विकायचं ठरलं ते आगीमुळे. आईने दुपारी गॅस पेटवला, त्यावर काहीच ठेवलं नाही, आणि ओट्यावरच्या फडक्याने पेट घेतला. शेजारच्या काकूंना धूर दिसला म्हणून थोडक्यात निभावलं. बेबी तेव्हा कामावर होती. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. पन्नाशीला आली होती, तरी घरात तिचं नाव बेबीच राहिलं होतं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती आईजवळ राहत होती, आणि आई एकेक गोष्ट विसरायला लागल्यापासून आईला सांभाळत होती.

दुसऱ्याच दिवशी दादा त्याच्या गावाहून गाडी हाकत आला. त्याने जळका ओटा पाहिला, बेबीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली.

"बस झालं," तो म्हणाला. "आईला मी नेतो. माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, दिवसरात्र नर्स असते. हे घर काढून टाकू."

बेबीने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घरं विकून देणाऱ्या एक एजंट बाई येऊन गेल्या. बोलायला मोकळ्या होत्या. भिंतीवर टिचक्या मारत म्हणाल्या, "घर दणकट आहे हो, पण चेहरा उतरलाय त्याचा. जरा नटवायला लागेल."

पुढच्या खोलीत आईने आयुष्यभर टायपिंगचे क्लास घेतले होते. बाकांवरची मुलं मागे डोकी टेकायची, त्यामुळे भिंतीवर एक तेलकट, चकचकीत पट्टा उठला होता. तो थेट घरातल्या बोळाच्या तोंडापर्यंत जायचा. "हा आधी घालवा," बाई म्हणाल्या. मग स्वयंपाकघराचं दार करकरतं, बोळातली फरशी हलते, बाथरूमचं दार कुठल्या जमान्यातलं हिरवंगार आहे, असा पाढा वाचत त्या घरभर फिरल्या. "सगळी दारं पांढरी करून टाका. पांढऱ्याने घर मोठं दिसतं. सामान निम्मं काढा."

आई खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती. मांडीवर तिची बोटं टाइप करत होती, ती कायमच करायची.

"सकाळची बॅच भरली," ती बाईंना म्हणाली. "संध्याकाळी चालेल का?"

"चालेल की," बाई हसल्या. मग दादाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, घर दाखवताना आजींना तेवढं फिरवून आणा."

दादाने रजा टाकली. रंगारी आले, भंगारवाला आला आणि टायपिंगची टेबलं, बाक, पत्र्याचं कपाट सगळं घेऊन गेला. रंगाच्या वासाने आईला खोकला यायचा, म्हणून तिला दिवसभर काकूंकडे बसवायचे आणि रात्री तिथेच झोपवायचे. बेबी कामावरून आली की तिच्याजवळ जाऊन राहायची. दादा मात्र हरखून गेला होता. ऑफिसात जन्म घालवलेला माणूस. आता बाह्या सरसावून बिजागऱ्यांना तेल घालत होता, बोळातली हलणारी फरशी उपटून सिमेंटने पक्की बसवत होता, शीळ वाजवत होता. बेबीने त्याला इतकं खुशीत कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. घरही खरोखर उजळलं. जुनी कळकट खोली रुंद वाटायला लागली. संध्याकाळी दिवे लावून दोघं उंबऱ्यात उभी राहिली, तेव्हा बेबीच्याही तोंडून निघून गेलं, "आपण असं का नाही ठेवलं कधी?"

रंग वाळल्यावर ती आईला घेऊन आली. आईने दारात चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट लावल्या आणि विचारलं, "बसू का?"

"बस ना, आई. आपलंच घर आहे."

"हो, हो," आई म्हणाली. लोकांकडे गेल्यावर म्हणतात तसं. आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

थोड्या वेळाने ती उठली. तिचा हात भिंतीकडे गेला, बोटं चाचपडली आणि थांबली. रोज आई अशीच उठायची, त्या तेलकट पट्ट्यावरून हात सरकवत बोळापर्यंत जायची, पायाखाली फरशी खडखडली की डावीकडे वळायची, समोर हिरवं दार असायचं. हे बेबीने हजारदा पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आधार लागतो, एवढंच तिला वाटलं होतं.

आई बोळात पोचली. समोर चार पांढरी दारं होती. तिने एक उघडलं, आत झाडू आणि बादल्या होत्या. दुसरं उघडलं, आत दादाचा पलंग. बेबी धावत गेली तोवर आई तिसऱ्या दाराला कपाळ टेकून उभी होती आणि तिच्या साडीतून पाणी नव्याने बसवलेल्या फरशीवर ओघळत होतं.

"मी नाही केलं," आई म्हणाली. "इथे आधीपासून होतं."

दादाने फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसली.

आई झोपल्यावर बेबी म्हणाली, "दादा, तिला रस्ता हाताने कळायचा. आपण सगळ्या खुणा पुसल्या."

"होईल सवय."

"तिला आता कसली सवय लागत नाही रे. असलेली जाते फक्त."

ते खरं ठरलं. आई दिवसभर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. अंग टाकायला तयार नव्हती. ताट वाढलं तर "तुम्ही आधी घ्या" म्हणायची. दिवे लागायच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची आणि दादाला अगदी अदबीने विचारायची, "भाऊ, मला घरी सोडता का? मुलं वाट बघत असतील."

पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "अगं आई, मीच तुझा मुलगा." आईने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. त्यानंतर त्याने तसं म्हटलं नाही.

गुरुवारी बेबी लॅबमधून लवकर निघाली आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन आली. पदर खोचून तिने बाथरूमचं दार रंगवायला घेतलं. दादा बाहेरून आला आणि बघतच राहिला.

"रविवारी माणसं यायचीत, बेबी."

"येऊ देत."

"घर विकायचंय की नाही, ते एकदा ठरव. निस्तरायला मी आहेच."

"निस्तरायला तू?" बेबी वळली. तिच्या कोपरापर्यंत रंग लागला होता. "इतकी वर्षं कोण निस्तरत होतं? तू फोनवर तब्येत विचारायचास."

"म्हणून तर आलो ना आता."

"आलास आणि तिचं घर काढून घेतलंस. मी पण तुझ्याबरोबर काढून घेतलं."

आवाज ऐकून आई बोळात आली. बेबी ब्रश घेऊन बाजूला झाली. आईने हिरव्या दाराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग साडीचा घोळ सावरत म्हणाली, "ओलं आहे हो, कुणाचा तरी हात लागेल." आणि पुढे जाऊन झाडूंची खोली उघडून उभी राहिली.

बेबी खालीच बसली. बऱ्याच वेळाने दादाने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. "तू कपडे बदल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ते दार परत पांढरं केलं. डबा बेबीने धरला होता.

रविवारी गिऱ्हाईक ठरल्या वेळेच्या आधीच येऊन ठेपलं. बेबी आईला बागेत न्यायला चपला घालत होती, तेवढ्यात एजंट बाईंबरोबर एक तरुण जोडपं आत शिरलं. बाईंनी आईकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. पण आईचा चेहरा खुलला. ती उठली, पिशवी काखेत मारली आणि जोडप्याच्या मागोमाग चालायला लागली.

"तुम्हीही घर बघायला आलात का, आजी?" त्या मुलीने विचारलं.

"हो. मुलं म्हणाली, बघून तर घे."

एजंट बाईंनी बेबीला डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. बेबीने चपला परत काढून ठेवल्या. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. आई त्या दोघांबरोबर स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, मागच्या खोलीत डोकावली. ज्या खोलीत तिचा नवरा शेवटचा आजारी होता, तिथे ती म्हणाली, "उजेड बरा आहे."

"तुम्हाला कसं वाटलं घर?" मुलीने विचारलं.

"स्वच्छ आहे," आई म्हणाली. "पण कुणी राहिलेलं दिसत नाही. आमच्याकडे सारखा गलका असतो. मशीनं चालू असतात."

"आम्हाला असंच कोरं हवं होतं."

"मग तुम्ही घ्या, बाई. आम्ही नाही घेत."

त्यांनी घेतलं. जाताना एजंट बाई दादाला म्हणाल्या, "आजींनीच सौदा पटवला की." दादा मोरीत गेला, आणि नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

निघायच्या दिवशी आईला समजवावं लागलं नाही. "चल, घरी जाऊ," दादा म्हणाला, आणि ती लगबगीने गाडीत जाऊन बसली. बेबी खिडकीशी आली. तिला लॅबची नोकरी होती, एक भाड्याची खोली बघून ठेवली होती. महिनाअखेर भेटायला जायचं ठरलं होतं.

आईने खिडकीतून तिचा हात हातात घेतला. "माझ्यापायी तुमचे फार हाल झाले."

"नाही हो," बेबी म्हणाली. "तुमचा काही त्रास नव्हता."

आईला तिने जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वृद्धाश्रमात आई फार दिवस चालती-फिरती राहिली नाही. तिथे लांबलचक बोळ होता आणि दारं सगळी सारखी. बाथरूम शोधताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी बोटंही हलायची थांबली. बेबी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

सगळं उरकल्यावर दोघं वृद्धाश्रमातून आईचे कपडे न्यायला गेली. नर्स पिशवी भरून देईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसली.

"भिंतीचं, फरशीचं तू मला आधी का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला तरी कुठे माहीत होतं? रोज डोळ्यांसमोर होतं. पुसून टाकल्यावर दिसलं."

दादा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "इकडे येताना गाडीत ती सारखी विचारत होती, घर अजून किती लांब आहे. मी दर वेळी सांगत होतो, हे काय, आलंच."

नर्सने पिशवी आणून दिली. बेबीने ती घेतली, दादाला हात देऊन उठवलं, आणि दोघं जिना उतरायला लागली.