उजेड अर्धाच होता

"तोंड उघड गो बाय. आणखी. हां, आता हलू नको."

सुमंगला गावसने कापसाच्या बोळ्याने सेजलच्या दाढांवर निळा रंग लावला. सर्वणच्या शाळेत तिसरीच्या वर्गातले बाक भिंतीला सारून मधोमध खुर्ची मांडली होती. बाहेर व्हरांड्यात रंग लागलेली आणि उरलेली मुलं, त्यांच्या आया बसल्या होत्या.

"मागीर पाव खाल्लो तर चलता?" सेजलने तोंड उघडं ठेवूनच विचारलं.

"तासाभरान खा. आता गप."

रंग मुरायला एक मिनिट, मग त्यावर लाल दिव्याचा उजेड. दात किडवणारे जंतू रंग धरतात आणि त्या उजेडात मरतात. उजेड नसला तर रंग नुसताच रंग. डिचोलीतल्या एका संस्थेने हा उपचार गेल्या वर्षी शाळांतून सुरू केला. सुमंगला तिथे सोळा वर्षं कंत्राटावर मदतनीस होती. तिच्या स्वतःच्या चार दाढा चोविसाव्या वर्षी एका आठवड्यात उपटल्या होत्या. अजूनही हसताना तिचा हात तोंडावर जाई. म्हणूनच की काय, हा दिवा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे.

दर दहा मुलांनंतर दिवा मोजणीच्या यंत्रावर धरायचा असा नियम होता. तिने धरला. आकडा निम्माच आला. काच पुसली, बॅटरी बदलली. तरी निम्माच. सकाळी तो बरोबर होता. मधल्या दहा मुलांना किती उजेड मिळाला, हे कोण सांगणार?

"सुमंगलाबाय, थांबलात कशाला?" संस्थेचे डॉक्टर संदीप दारातून म्हणाले. "अकराला देणगीदार पाहुणे येतायत. फोटो काढायचे आहेत."

"डॉक्टर, दिवो बिघडलो. उजेड अर्धोच पडता."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लाल दिसतोय ना? पुरे. तोंडं निळी झाली की लोकांचं समाधान होतं. करून टाका."

"आणि कागदार?"

"'उपचार पूर्ण'. नेहमीसारखी सही."

"ती मी करूचंय नाय."

सोळा वर्षांत तिने डॉक्टरांना नाही म्हटलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी ती आली होती. "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय," ते म्हणाले. "आठवण असू द्या."

"आसा माका आठवण."

तिने सेजलला चूळ भरायला लावली, हातमोजे काढले आणि व्हरांड्यात आली. सगळ्या आयांकडे बघून ती मोठ्याने म्हणाली, "दिवो बिघडलो आसा. आज ज्या पोरांचां झालां, तेतुरल्या धा जणांका बहुतेक फायदो नाय. परत करूचां लागतलां. त्रास दिलो, चूक आमची."

बेळगावकडची मंजुळा उठली. ती शाळेमागच्या बांधकामावर सिमेंट कालवत असे. मुलीसाठी आज अर्धा खाडा केला होता.

"मग ही निळी तोंडं कशाला केलासा ओ बाई? फुकट हाय म्हणून आमच्या पोरांस्नी असलं देतासा?"

सुमंगलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "फुकट आसा म्हणान नाय. माका आधी कळूक जाय होतां. दिवो बरो होयसर कोणाच्याच दाताक रंग लावचंय नाय मी. तुझ्या पोरीच्याय नाय, आणि सरपंचाच्या नातवाच्याय नाय."

मंजुळाने तिला वर-खाली न्याहाळलं आणि पायरीवर बसकण मारली. "मग मीबी हितंच बसतो. पावणे येऊ देत. त्यांस्नीबी हेच सांगा."

अकराला गाडी आली. पाहुण्यांना पांढरे कोट घातले. फोटोवाल्याने सेजलला खुर्चीत बसवून विझलेला दिवा डॉक्टरांच्या हातात दिला. "बाळा, आ कर."

सेजलने सुमंगलाकडे पाहिलं. पोरीने निळे ओठ घट्ट मिटले. फोटोवाल्याने चॉकलेट पुढे केलं, तरी तिने मान हलवली. मग मंजुळाच्या मुलीला बसवलं. तिने तर दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता अख्खा व्हरांडा हसायला लागला. पाहुण्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मंजुळानेच उभं राहून सगळं सांगितलं.

पंधरा दिवसांनी नवा दिवा आला. त्या दहा मुलांसकट सगळ्यांचा उपचार पुन्हा झाला आणि प्रत्येक नावापुढे सुमंगलाने सही केली.

महिनाअखेरीला, कंत्राट संपायच्या आधीच, डॉक्टरांनी तिला डिचोलीत आपल्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील पत्र होतं: घरगुती कारणास्तव मी काम सोडत आहे.

तिने ते दोनदा वाचलं. "माझ्या घरात सगळां बरां आसा," ती म्हणाली. पेन घेऊन तिने ती ओळ खोडली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: मी काम सोडलेले नाही. मला काढले आहे. खाली नाव, तारीख.

ती उपचाराच्या खोलीत आली. दुपारच्या पेशंटांची हत्यारं धुऊन ट्रेमध्ये तशीच पडली होती. तिने ती एकेक करून पुसली, जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात रचली आणि झाकण आवळलं.

"राहू द्या आता," डॉक्टर दारातून म्हणाले. "उद्या तुमच्या जागी अश्विनी येईल, ती करील."

"उद्यां सकाळी आठांक पयलो पेशंट आसा."

यंत्राला अजून वीस मिनिटं लागणार होती. तिला घरी नेणारी सर्वणची बस तेवढ्यात जाणार होती. सुमंगलाने पिशवी पायाशी ठेवली, स्टूल ओढलं आणि वाफ धरायची वाट बघत ताठ बसून राहिली.