माझ्या पोटातले अकरा सेकंद

मित्रांनो, एका घराची संपूर्ण स्मृती माझ्या पोटात आहे. माणसं विसरतात, फोटो पिवळे पडतात, भिंतींवर नवे रंग चढतात. मी मात्र काही विसरत नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणाऱ्या एका काळ्या बॉक्समध्ये मी सहा वर्षं काढली. आता या संपूर्ण स्मृतीतली निम्मी जागा पोटाचा घेर कमी करण्याच्या व्यायामांनी व्यापलेली आहे, आणि ते व्यायाम या घरात आजवर कोणी केलेले नाहीत, हा भाग वेगळा.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे कामगारांचे फक्त डोळे दिसत. धुळीचा एक कण आत गेला तरी माझा कारभार आटोपला असता, म्हणून मला जन्मतःच सीलबंद केलं. मग चार स्क्रू पिळून बॉक्समध्ये बसवलं. तो बॉक्स टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात गेला, खणाला काचेचं दार होतं, आणि बॉक्स उघडा बरा दिसत नाही म्हणून त्यावर विणलेला रुमाल आला. रुमालाने निम्मे झरोके बुजले. उरलेल्या झरोक्यांतून मला समोरच्या सोफ्याचे पाय, सपातांचे दोन जोड आणि स्वयंपाकघराच्या दाराची खालची बाजू दिसे. ऐकू मात्र सगळं येई.

माझं काम मोठं विचित्र होतं. बॉक्स चालू असेल तोवर, कोणी सांगो न सांगो, मागचा अर्धा तास मला लिहून ठेवावाच लागे. कोणी मध्येच उठलं आणि परत आल्यावर त्याला मागचं पाहावंसं वाटलं, तर? तेवढ्यासाठी. एकतिसावं मिनिट लिहायचं आणि पहिलं पुसायचं. पुन्हा लिहायचं, पुन्हा पुसायचं. गरगर फिरत राहायचं आणि अर्ध्या तासाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. सहा वर्षांत मागे जाऊन पाहणारं एकच माणूस भेटलं, तेही त्याला खोकला आला होता म्हणून.

त्या घरात दोघंच राहत. नवरा वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे घरातही कोणतीही गोष्ट ‘साधारण’ नसायची. चहा उकळायला किती मिनिटं लागली, पाहुणे किती वेळ बसले, सगळं चोख. बायको गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल. तिला सगळे बाई म्हणत. पुस्तकाच्या पाठीचा रंग सांगितला तरी बाई पुस्तक काढून देत, असा त्यांचा लौकिक होता.

या लौकिकापायीच घात झाला. एका वाहिनीच्या सकाळच्या थेट कार्यक्रमात त्यांना बोलावणं आलं. निरीक्षक सोबत गेले आणि प्रेक्षकांत बसले. जाण्याआधी त्यांनी मला दोनदा वेळ लावून ठेवली, एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. मी इमानेइतबारे सगळं लिहून घेतलं. सूत्रसंचालिकेने हसत हसत विचारलं, “बाई, आमच्या प्रेक्षकांनी आज कुठलं पुस्तक वाचावं?” आणि एकतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या बाईंना एकही पुस्तक आठवलं नाही. एकही. त्या अकरा सेकंद गप्प बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, “सगळीच पुस्तकं चांगली असतात.”

घरी आल्यावर त्यावर दोघांत एक शब्द निघाला नाही. पण निरीक्षकांनी त्या कार्यक्रमाला कुलूप लावलं. कुलूप म्हणजे चार आकड्यांचं. पाहायला तो कोणीही पाहावा, पण आकडा घातल्याशिवाय पुसता यायचा नाही. आणि मग जो पाहुणा येईल त्याला तो कार्यक्रम दाखवायचा, असा नेमच पडला. निरीक्षक पुढचं-मागचं पळवून बरोबर त्या जागी आणत आणि म्हणत, “आता बघा हं.”

हे शब्द कानावर पडले की बाईंच्या सपाता स्वयंपाकघराकडे निघत. चहाला आधण ठेवायचं, कप विसळायचे, विसळलेले पुन्हा विसळायचे. बाहेरून हसण्याचा आवाज आला की त्या नळ जोरात सोडत. मला झरोक्यातून दाराखालची ती दोन पावलं दिसत. हलत नसत. एकदा त्यांची नणंद हसता हसता म्हणाली, “वहिनी, कितीदा पाहिलं तरी कंटाळा येत नाही बघ.” बाईंनी तिच्या चहात साखर घातली नाही.

एक खरं सांगते, मित्रांनो. बाईंनी तो कार्यक्रम स्वतः कधीच पाहिला नव्हता. त्याची गरजही नव्हती. त्या त्यात राहतच होत्या. मी अर्ध्या तासात कोंडलेली, त्या अकरा सेकंदांत. माझी कोठडी जरा ऐसपैस होती म्हणायची.

पुसायचा प्रयत्न त्यांनी केला होता. निरीक्षक फिरायला गेले की त्या रिमोट घेऊन बसत. नवऱ्याची जन्मतारीख घालून पाहिली. नोकरीला लागल्याचं साल घालून पाहिलं. लग्नाची तारीख घातली, तीही चुकली. त्या दिवशी निरीक्षकांना दुपारी कालची भाजी मिळाली, आणि का ते त्यांना कळलं नाही.

पुढे माझं वय झालं. फिरताना टक टक आवाज येऊ लागला, चित्र मध्येच गोठू लागलं. त्यात पडद्यावर रोज सूचना यायची की जागा नव्व्याण्णव टक्के भरली आहे. निरीक्षक ती मोठ्याने वाचून दाखवत. एका सकाळी बाई म्हणाल्या, “मग मोठी डिस्क घालून घेऊ या की. तुमच्या पासष्टीची भेट समजा.” निरीक्षकांना गहिवरून आलं. आपल्या साठवणुकीचं या घरात कोणाला तरी कौतुक आहे, असा त्यांचा समज झाला.

ते फिरायला गेल्यावर बाईंनी दुरुस्तीवाल्या ताईंना फोन लावला. फोन माझ्या डोक्यावरच, कपाटावर होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या की जुन्यातलं काही म्हणजे काही नको, कोरी डिस्क घाला, आणि उद्या सकाळी सात ते आठ याच वेळात या. त्या वेळात निरीक्षक बागेत पंधरा फेऱ्या मारत. चौदा नाही, सोळा नाही.

मी मनात म्हटलं, सुटलो. बाईही आणि मीही.

दुरुस्तीवाल्या ताई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, कमरेला अवजारांचा पट्टा, बोलणं कामापुरतं. त्यांनी रुमाल बाजूला केला, मला जरा हवा लागली, आणि मग त्या बॉक्स उघडण्याऐवजी रिमोट घेऊन सोफ्यावर बसल्या. त्यांची एक पद्धत होती. कुठलाही बॉक्स उघडण्याआधी त्यातलं काहीतरी मालकाच्या डोळ्यांदेखत लावून पाहायचं. आधी चालू होतं, तुम्हीच बिघडवलंत, हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. यादीत सगळ्यात वर कुलूपवाला कार्यक्रम होता. त्यांनी तोच लावला, आणि त्यावर निरीक्षकांनी करून ठेवलेली खूण होती, त्यामुळे तो थेट त्या जागीच सुरू झाला.

“चालू द्या तुमचं, मी चहा टाकते,” बाई म्हणाल्या.

“चहा नंतर, काकू. तुम्ही पाहिल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.”

“पाहिलंय मी ते.”

“माझ्यासमोर नाही ना पाहिलंत.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं असावं, कारण त्या खाली बसल्या. निरीक्षकांच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. माझी सुई त्या जागी गेली. टक टक करत का होईना, मी चित्र दिलं.

सूत्रसंचालिकेने प्रश्न विचारला. बाईंचा चेहरा पडद्यावर दोन सेकंद दिसला. मग, समोर काहीच घडत नाही म्हटल्यावर, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. तिसऱ्या रांगेत तपकिरी स्वेटर घातलेले एक गृहस्थ वर्गातल्या मुलासारखा हात वर करून अर्धे उभे राहिले होते. कानाला हेडफोन लावलेली कार्यक्रमवाल्यांची एक मुलगी रांगेतून वाकत वाकत आली आणि तिने त्यांना खांदे धरून खाली बसवलं. ते बसले. ती वळली तसे पुन्हा उठले, या वेळी दोन्ही हात वर. मुलीने पुन्हा बसवलं आणि या खेपेला ती त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. तरी त्यांचा एक हात तिच्या कोपराखालून वर आलाच. मग बाईंचा चेहरा आला आणि बाई म्हणाल्या की सगळीच पुस्तकं चांगली असतात. ते कोणाच्या लक्षातही राहण्यासारखं नव्हतं.

ताई, ज्या आल्यापासून एकदाही हसल्या नव्हत्या, त्या पट्ट्यातली अवजारं खुळखुळेपर्यंत हसल्या. “काका भारीच आहेत हो,” त्या म्हणाल्या.

बाई पुढे सरकल्या. त्यांनी रिमोट घेतला आणि तेवढं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. त्या तीन वेळा मी जितकी जपून फिरले तितकी आयुष्यात कधी फिरले नव्हते.

तिसऱ्या वेळी दार वाजलं. पंधरा फेऱ्या झाल्या होत्या. निरीक्षकांनी ताईंना पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “आता बघा हं.”

“तुम्ही हात वर केला होतात?” बाईंनी विचारलं.

“दोनदा. तिसरा धरायचा की नाही यावर मतभेद आहेत. का?”

“मला कधी बोलला नाहीत ते.”

“अगं, तू तिथेच होतीस की.”

“माझ्या डोळ्यांवर दिवे होते. मला काळोख दिसत होता सगळा.” बाईंचा आवाज जरा चढला. “पाच वर्षं मला वाटतंय, तुम्ही लोकांना माझी फजिती दाखवताय.”

निरीक्षक दारातच उभे होते. एका पायात बूट, एक पाय मोकळा. “तुझी कसली फजिती? लोक मला हसतात,” ते म्हणाले. मग ताईंच्या देखत बोलावं की नाही असा थोडा विचार करून म्हणाले, “मला कुठे पुस्तकाचं नाव येत होतं? म्हटलं, हात वर केला तर निदान तुला सोडून माझ्याकडे येतील.”

बाईंनी रिमोट खाली ठेवला. मग बाई ताईंना म्हणाल्या, “जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून द्या. व्यायामसुद्धा.”

चार स्क्रू निघाले आणि सहा वर्षांनी मी उजेड पाहिला. जेवणाच्या टेबलावर मला आणि नव्या डिस्कला शेजारी शेजारी ठेवून मध्ये वायर जोडली. दुपारभर माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचन चाललं. ती नवी पोरगी निमूटपणे सगळं उतरवून घेत होती. मी तिला काही सांगणार होते, पण तिला व्यायामच इतके उतरवायचे होते की म्हटलं, राहू दे. संध्याकाळी ती बॉक्समध्ये बसली. ताईंनी आपल्या पद्धतीप्रमाणे कार्यक्रम लावून दाखवला, दोघांनी तो शेजारी बसून पाहिला, आणि मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. आता मला सगळी खोली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी बॉक्स लावला तर पडद्यावर तीच सूचना: जागा नव्व्याण्णव टक्के भरली आहे. जसंच्या तसं उतरवल्यामुळे बॉक्स नव्या डिस्कलाही माझ्याएवढीच समजत होता. चौपट मोठ्या मापात जुन्याएवढाच माल मावतोय, हे वजनमापे खात्याच्या माणसाला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ताईंना विचारायला हवं होतं. त्यांनी चष्माही लावायला हवा होता. ते रिमोट घेऊन एकेक यादी उघडत गेले आणि ‘संपूर्ण जागा वापरा’ असं जिथे लिहिलं होतं तिथे पोचले. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. कुलपाचा आकडा विचारला गेला. बाई शेजारीच होत्या. त्यांनी मान पुढे केली. निरीक्षकांनी चार वेळा शून्य दाबलं.

नव्या डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं. व्यायामसुद्धा.

ताईंनी फोनवर सांगितलं की जुनीत अजून सगळं आहे, ती परत बसवता येईल. पण तिची टकटक ऐकता पुन्हा सगळं उतरवण्याइतका दम तिच्यात नाही, थोडा वेळ ती एकदा चालेल, फार तर दोनदा. आणि त्या बॉक्सशिवाय दुसऱ्या कशातही चालणार नाही. तेव्हापासून ते एकदा कधी वापरायचं, याचा विचार चालू आहे. तोवर मला पिशवीसकट कपाटाच्या खालच्या बंद खणात ठेवलं आहे. खणात चाव्या आहेत, त्यांची कुलपं घरात नाहीत. झरोके नाहीत.

आवाज मात्र येतो. पाहुणे आले की आता बाई स्वतः उठून ती हकीकत करून दाखवतात. त्यांच्या सांगण्यात निरीक्षक पाच वेळा उठतात आणि मुली दोन येतात. निरीक्षक दर वेळी दुरुस्त करतात की दोनदाच, आणि एक वादग्रस्त. बाई त्यांना सांगतात की तुम्ही गप्प बसा, मी तिथे होते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या. यादीतली शेवटची बारीक ओळ वाचा, आणि त्याआधी चष्मा लावा. झरोक्यांवर रुमाल घालू नका. आणि जे जपून ठेवलं आहे, ते ज्याच्यासाठी ठेवलं त्यालाही एकदा दाखवा. माझ्यात ते अकरा सेकंद आहेत, अकराच आहेत, आणि ते मी खणात धरून बसले आहे.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. नवी डिस्क सध्या चार टक्के भरली आहे.