गोट्याचे नव्वद सेकंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली माझी नेमणूक उंदरांच्या एका प्रयोगशाळेत झाली. तिथल्या बाई मला गळ्यात अडकवत. काचेच्या पेटीत दोन उंदीर सोडायचे आणि पाच मिनिटांत ते एकमेकांना हुंगण्यात, चाटण्यात, खेळण्यात किती वेळ घालवतात ते मोजायचे, हे आमचे काम. जवळ आले की टक्, दूर गेले की टक्. बाईंचा अंगठा कधी चुकला नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर त्यांचे कौतुक करत आणि मीच फुगून जाई.

गोट्या हा पांढरा उंदीर भारी मनमिळाऊ. त्याचे नव्वद सेकंद सहज भरत. मग त्याच्यावर गुंगीच्या औषधाचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या दिवशी तो थेंबभर औषधाने पेंगला. आठवड्याने तेवढ्याला दाद देईना, म्हणून मात्रा वाढवली. त्याचीही सवय झाली, पुन्हा वाढवली. महिन्याने औषध एकदम बंद केले.

दुसऱ्या दिवशी गोट्या थरथरत होता. सोबती जवळ येताच त्याने कडकडून चावा घेतला. माझा काटा चार सेकंदांवर थांबला.

सर म्हणाले, "शनिवारपर्यंत नव्वद झाले नाहीत, तर याचा पिंजरा कायमचा वेगळा."

पिंजरे धुणारे मामा कळवळले. "औषध तुम्ही पाजलंत, आणि शिक्षा त्याला?"

"शिक्षा नाही हो मामा, नियम आहे."

"नियमाला काय, शेपूट थोडीच आहे चिमटा काढल्यावर दुखायला!"

मामा रोज पिंजऱ्याशी बसत. "काय जावईबापू, रुसवा गेला का?" बुधवारी नऊ सेकंद झाले, शुक्रवारी एकतीस.

शनिवारी गोट्या आधी कोपऱ्यातच बसला. मग सोबत्याने त्याच्या मानेखाली नाक खुपसले, आणि गोट्याने अशी कोलांटी मारली की दोघांची कुस्तीच जुंपली.

"अहो बाई, चावतोय की काय?" मामा ओरडले.

"छे हो, खेळतोय!" बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि मला दाबायचे साफ विसरल्या. माझा काटा शून्यावर!

पाच मिनिटे संपल्यावर सर आले. "आकडा?"

"शंभर सांगा की," मामा कुजबुजले.

बाईंनी मान हलवली. "सर, मी मोजायचं विसरले. आकडा नाही. पण तुम्हीच बघा."

सरांनी चष्मा पुसून पेटीत पाहिले. सोबत्याच्या पाठीवर हनुवटी टेकून गोट्या गाढ झोपला होता. सर बराच वेळ वाकून उभे राहिले.

"लिहा," ते म्हणाले, "शनिवार, मोजमाप नाही. आणि याला इथंच राहू द्या."

गोट्या त्याच पिंजऱ्यात सुखाने म्हातारा झाला. मामांनी निवृत्तीनंतर कबुतरे पाळली. कबुतरांपुढेही त्यांची बडबड चालूच असे. सर मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले. तिथे औषध बंद केलेल्या प्राण्याची सोबत तोडायची नाही, असा नियम त्यांनीच केला. बाई आता पणजी झाल्या आहेत. त्यांच्या खणात मी असते, आणि पतवंडे अधूनमधून मला चावी देतात.

मित्रांनो, आपले एखादे माणूस आजारपणात फटकन बोलले, तर त्याला लगेच दूर लोटू नका. सेकंद मोजण्यातच माझा जन्म गेला, तरी माझे ऐका. बरे होणाऱ्याला थोडा वेळ न मोजता द्यावा.