एकविसावं अंडं

"म्हंजी तू ह्याची पिल्लं काढतच न्हाईस?"

रंगुबाईनं टोपली टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. समोर तिची भाची प्रांजल, भावाची लेक, पांढऱ्या कोटात. एवढी पीएच.डी. झालेली बाई, पण चोरी सापडल्यासारखी फरशीकडं बघत होती.

"आत्ती, मी सांगितलं होतं तुला. प्रयोगासाठी लागत्यात म्हणून."

"प्रयोग म्हंजी पिल्लंच की. अंड्यातनं दुसरं काय निघतंय?"

आता ह्यात रंगुबाईची चूक तरी काय म्हणावी? दोन वर्षं दर मंगळवारी ती कवठे महांकाळजवळच्या आपल्या वाडीहून सांगलीची एसटी धरत होती. मांडीवर टोपली, टोपलीत भाताचं तूस, तुसात गावठी अंडी. शेजारच्या बाईनं पदर जरी टोपलीवर टाकला तरी ही फणकारायची. प्रांजलला लागायची वीस, ही आणायची एकवीस. कोंबडीखाली अंडी घालायची तर विषम घालावीत, सम घातली की पिल्लं धरत नाहीत, हे तिच्या सासूनं सांगितलेलं आणि सासूला तिच्या सासूनं. त्यामुळं दर मंगळवारी एक अंडं परत वाडीला जायचं. प्रयोगशाळेतला शिपाई दारातच टोपली घ्यायचा, वीस मोजून घेऊन एक परत ठेवायचा आणि हिला चहा पाजून वाटेला लावायचा. वाडीत रंगुबाईनं सांगून ठेवलं होतं की आमची प्रांजल कोंबड्यांची मोठी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीला पोरगी गावी आली, तर सकाळी सकाळी दारात तीन बाया मान टाकलेल्या कोंबड्या घेऊन हजर! प्रांजलला तेव्हा काही उलगडा झाला नव्हता.

आज शिपाई रजेवर होता, म्हणून रंगुबाई पहिल्यांदाच आत आली होती. आणि आत येऊन बघते तर कवचाला रुपयाएवढ्या खिडक्या पाडलेली अंडी, ओळीनं.

"पिल्लू बाहेर यायच्या आधीच आमचं काम संपतं," प्रांजल हळूच म्हणाली. "तुला वाईट वाटंल म्हणून नीट बोलले न्हाई."

"वाईट वाटतंयच," रंगुबाई म्हणाली. "पर दोन वर्सं माझी अंडी फोडलीस, तर त्यात काय हुडिकलंस ते तरी बघू दे."

बाईचा स्वभावच तसा. मेंढरं वळत होती तेव्हाही दिसेल त्या माणसाला थांबवून विचारायची, कुठलं गाव, काय पिकतं, विहिरीला पाणी किती परस खोल. नवरा नानासो चिडवायचा, हिला जनगणनेत नोकरी द्या म्हणून.

प्रांजलनं तिला सगळं दाखवलं. अंडी उबवायचं कपाट दाखवलं. रंगुबाईनं त्यात हात घालून ऊब बघितली. "झ्याक हाय. लोखंडाची खुडूक कोंबडी. चोच मारत न्हाई ही एक बरं." मग प्रांजलनं तिला उंच स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायला सांगितले. आधी नुसता धुरळा दिसला. मग एकाएकी सगळं लख्ख झालं. पातळ पडद्यावर लाल रेघा, रेघांना फाटे, फाट्यांना आणखी बारीक फाटे, आणि एका कडेला तिळाएवढं काहीतरी उडत होतं, थांबत नव्हतं.

"जिता हाय गं ह्यो," रंगुबाई कुजबुजली.

"काळीज आहे त्याचं. आन् ह्या रक्ताच्या शिरा."

"म्हायतीये मला. चौथ्या दिशी अंडं मुठीत धरून उन्हाकडं केलं की दिसत्यात. पर एवढ्या ठळक कवा बघितल्या न्हाईत." ती बराच वेळ बघत राहिली. "रानात पाणी सोडल्यागत हाय. मोठा पाट, मग सरी, मग सरीतनं वाफ्यात."

प्रांजलनं दुसरं अंडं ठेवलं. ह्यावर कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी ठेवून चार दिवस झाले होते. तिनं ते मुद्दाम सांगितलं नाही. आत्ती काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

रंगुबाईनं डोळे काचेला आणखी चिकटवले. मग म्हणाली, "हितं कुणीतरी पाट फोडलाय."

"काय म्हणालीस?"

"ह्यो मधला पांढरा ठिपका बघ की. सगळ्या शिरा वाट सोडून ह्याच्याकडं वळल्यात. म्हैसाळच्या कालव्याचं पाणी आलं तवापासनं मी रानात पाण्याची दारं धरती बाय, मला वळखू येतं. आपली पाळी नसताना दुसऱ्याचा पाट फोडून पाणी घेणारा ह्यो. कोण हाय?"

प्रांजल हसायलाच लागली. शुक्रवारी तिला तालुक्याच्या शाळेत मराठीतून बोलायचं होतं आणि आठ दिवस एका शब्दासाठी ती डोकं खाजवत होती. "आत्ती, ह्याला पुस्तकात नवरक्तवाहिनीनिर्मिती म्हणतात."

"त्ये म्हणस्तवर माणूस मरंल."

प्रांजलनं वहीत लिहून घेतलं, पाट फोडणे. आणि मग तिला बोलायला हुरूप आला. ती सांगत सुटली. ही कॅन्सरची गाठ आहे. आधी टाचणीच्या डोक्याएवढी असते, जवळचं मिळेल त्यावर भागवते. वाढायचं तर तिला रक्त लागतं, म्हणून ती आजूबाजूच्या शिरांना सांगावा धाडते, इकडं फाटा काढा म्हणून. शिरांना बिचाऱ्यांना काय कळतं? जखम भरायची असली तरी असाच सांगावा येतो. त्या निघतात. तो सांगावा वाटेत कसा अडवायचा, ह्यावर प्रांजलचं काम होतं. तिसऱ्या अंड्यात तिनं तसं औषध घातलं होतं. त्यात ठिपक्याकडं जाणारे फाटे थोडेच होते, आणि तेही अर्ध्यात थांबलेले.

"दार बांधलंस म्हण की," रंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "मग औषध झालं?"

"अंड्यात झालं. माणसात कळायला लय वर्षं जातील. असली थोडी औषधं निघालीत, पण गाठ लबाड असती. एक वाट बांधली की दुसरी काढती."

रंगुबाई स्टुलावरून उतरली नाही. डोळे काचेला लावूनच तिनं विचारलं, "आन् वरनंच पाणी बंद केलं तर? म्हंजी माणसाला दूध, अंडं, कायबी ताकदीचं दिलंच न्हाई, तर गाठ वाळंल न्हवं?"

"छे, छे," प्रांजल वहीत आकृती काढत म्हणाली. "लय लोकांना तसंच वाटतं. उपाशी ठेवून गाठ वाळत न्हाई. तुझंच घे की. पाणी कमी आलं तर चोर आधी आपलं भिजवून घेतो. वाळतं ते मालकाचं रान. माणूस खंगतो, गाठ तशीच ऱ्हाती. उलट अशा माणसाला जेवढं जाईल तेवढं खायला घालायचं असतं."

प्रांजलनं आकृती पूर्ण केली, वर बघितलं, तर आत्तीचे डोळे अजून काचेलाच होते आणि गालावरून पाणी ओघळून टेबलावर पडत होतं.

"आत्ती?"

"तुझ्या मामास्नी मी अंडं दिलं न्हाई," रंगुबाई म्हणाली.

नानासोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पोटात गाठ होती. प्रांजल तेव्हा पुण्यात शिकत होती, तिला एवढंच ठाऊक होतं.

"हरणाबाई म्हणाली, तू खाऊ घालून गाठ पोसतीयास. ती माझी जाऊ, तिच्या म्हायेरी दोन माणसं गेलेली ह्यानं. मला वाटलं तिला कळत आसंल. ईस दिस कन्यांची पेज आन् पाणी, दुसरं काय न्हाई. त्यास्नी अंडं लय आवडायचं, उकडून, वर मीठ आन् चटणी. एक दिस म्हणाले, रंगू, एक अंडं दे गं. मी म्हणलं, कोंबड्या खुडूक बसल्यात, अंडी न्हाईत. आन् त्याच टायमाला परड्यात तलंग कोंबडी वराडाय लागली. अंडं दिल्यावर वराडत्यात तशी. त्यास्नी ऐकू आलं. माझ्याकडं बघितलं. कुशीवर झाले. पुना कवा मागितलं न्हाई."

प्रांजलनं तिच्या पाठीवर हात ठेवला. जे खरं होतं तेच ती बोलली. "आत्ती, तू अंडी दिली असतीस तरी मामा वाचले नसते. तोवर सगळीकडं पसरलं होतं."

"वाचले नसते. त्ये मला ठाव हाय गं," रंगुबाई म्हणाली. "खाऊन गेले असते."

तिनं पदरानं टेबलावरचं पाणी पुसलं. मग सवयीनं टोपलीतून वीस अंडी मोजून दिली, एकविसावं पुन्हा तुसात ठेवलं आणि साडेतीनच्या गाडीसाठी निघाली. दाराशी वळून एवढंच म्हणाली, "शाळेत सांगशील तवा ती उपाशी ठेवायची गोष्ट आधी सांग. पाट मागनं."

पुढच्या मंगळवारी आत्ती यायची नाही अशी प्रांजलची खात्री होती. तिनं दुसरीकडून अंडी मागवायचं ठरवलंही होतं. बारा वाजले, साडेबारा वाजले. आणि पावणेएकला शिपायानं आत येऊन सांगितलं, मावशी आल्यात, पण टोपली माझ्याकडं देत न्हाईत.

प्रांजल बाहेर आली. रंगुबाई पायरीवर बसली होती. टोपलीत वीसच अंडी होती.

"आज सम कशी गं?"

"तुला कुठं पिल्लं काढायचीत." रंगुबाईनं पिशवीतून स्टीलचा लहान डबा काढला. आत सोललेलं अंडं होतं, मधोमध चिरलेलं, वर मीठ आणि लाल चटणी. "जेवलीस?"

"न्हाई अजून. काम चाललंय."

"बस हितं."

प्रांजल कोट सावरून पायरीवर बसली. तिनं अर्धं अंडं तोंडात टाकलं, मग उरलेलं अर्धं. चटणी तिखट होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगुबाईनं तांब्या पुढं केला आणि तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिली.