मुहूर्ताच्या साडीचा शुक्रवार

मुहूर्ताची साडी आडी महिना लागण्याआधी घ्यायची की संपल्यावर, यावरून पूंगुळलीच्या लग्नात पहिली ठिणगी पडली. तमिळ पंचांगातल्या या आडीत शुभाची खरेदी कोणी करत नाही. मुलाची आई तिलकवती म्हणाली, येता शुक्रवारच धरू, ब्लाउज शिवायला वेळ नको का? पूंगुळली म्हणाली, आडीनंतर. का, ते मात्र सांगेना.

सांगणार कशी? तिच्या आईने, विशालाक्षीने, तोंडाला कुलूप घालायला लावलं होतं. शेजारची म्हातारी पौनम्मा अंथरुणाला खिळली होती आणि आता आज जाते की उद्या, अशी होती. विशालाक्षी शाळेत शिकवायला जाई, तेव्हा पूंगुळलीला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनेच. तिला ना मूल ना बाळ. मेल्यावर माझ्या तोंडात शेवटचे तांदूळ तूच घाल, असं तिने पोरीकडून कबूल करून घेतलं होतं. आणि रीत अशी, की मुहूर्ताची साडी एकदा हातात घेतली की लग्न लागेपर्यंत नवरीने मयताच्या घराची पायरी चढायची नाही. रीती करणाऱ्यांना पौनम्मा ठाऊक नव्हती, त्याला काय करणार!

तिलकवतीने पुन्हा पुन्हा कारण विचारलं. शेवटी तिचा आवाजच बदलला. मुलीच्या मनात दुसरं कोणी नाही ना, असं तिने विशालाक्षीला तोंडावर विचारलं. विशालाक्षी घाबरली. सासरच्यांना मरणाची गोष्ट सांगितली तर अपशकुन म्हणतील, न सांगावी तर हे असं. तिने शुक्रवार कबूल करून टाकला.

वंदवासीहून गाडी करून सगळे कांचीपुरमला गेले. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडला. तिलकवती हौशी खरी, पण महाचिकित्सक. पदर उलटून बघे, काठ उजेडात धरी, नाक मुरडून बाजूला सारी. पूंगुळलीला एकही रंग दिसत नव्हता. बाईंना काहीच पसंत पडू नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

अखेर कुंकवाच्या रंगाची साडी ठरली. दुकानदाराने तिच्या कोपऱ्याला हळद लावली. तेवढ्यात विशालाक्षीचा फोन वाजला. ती बाजूला जाऊन बोलली, परत येऊन बसली आणि फोन पर्सच्या अगदी तळाशी घातला. लेकीकडे तिने पाहिलंच नाही.

"घे पोरी," तिलकवतीने साडी पुढे केली.

पूंगुळलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अत्तै, मी ही घेणार नाही. आमची पौनम्मा गेली. मला वाढवलंय तिने. तिच्या तोंडात तांदूळ घालायचा शब्द दिलाय मी. मग हवं तर लग्न मोडा तुम्ही."

दुकानातली माणसं बघायला लागली. तिलकवतीचा चेहरा लालबुंद झाला. ती विशालाक्षीकडे वळली.

"हे मला का नाही सांगितलंत?"

विशालाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीचं लग्न सांभाळता सांभाळता आपण काय करून बसलो, हे तिला आत्ता कळत होतं.

"गेली नाही," ती म्हणाली. "अजून गेली नाही. हिलाच हाका मारतेय."

तिलकवतीने साडी गादीवर टाकली.

"मग बसलीस काय इथे?" ती पूंगुळलीवर खेकसली. "ऊठ."