निळ्या चौकटीतली गाडी

“कार्डावर माझ्या बायकोचा फोटो आहे, तुमच्या साहेबांचा नाही! मग दंड कसला?”

आजोबांनी कार्ड काउंटरवर असं आपटलं, की पार्किंगच्या ऑफिसातली सगळी रांग वळून बघायला लागली. मागे बाकावर आजीला चिकटून बसलेल्या नातवाला हसूही आलं आणि रागही. राग त्याला बारा महिने यायचा. शाळा सोडली तीही रागातच. घरात सगळे त्याला भडक्याच म्हणायचे.

काउंटरवरच्या बाई काही चिडल्या नाहीत. सकाळपासून असले बरेच आजोबा पचवून बसल्या असाव्यात.

“काका, अपंगांचं कार्ड माणसाचं असतं, गाडीचं नसतं. निळ्या चौकटीत गाडी लावायची तर ज्यांचं कार्ड आहे ते सोबत हवेत. नाहीतर तुम्ही त्यांना सोडायला किंवा न्यायला आलेले हवेत. तुम्ही तर एकटेच बसला होतात.”

“न्यायलाच आलो होतो! ही आत फिजिओकडे व्यायाम करत होती. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं.”

बाईंनी आवाज खाली आणला. “आम्ही फिजिओकडे फोन केला होता काका. आजी महिनाभर तिकडे फिरकल्याच नाहीत म्हणाले.”

आजोबांनी कार्ड काउंटरवरून परत उचललं.

“आणि याआधीचाही एक दंड आहे. कार्ड लावून केस कापायला गेला होतात. दुसऱ्यांदा झालं की कार्ड वर्षभर जमा होतं.”

भडक्याने आजीकडे पाहिलं. कार्ड गेलं की आजीचं बाहेर पडणं संपलं. गाडी जरा लांब लावली, की अर्ध्या वाटेत तिचा पाय संपावर जातो. मग ती खांबाला धरून उभी राहते, आणि कुणी विचारलंच तर सांगते, मैत्रिणीची वाट बघतेय.

आणि महिनाभर ती कुठे जात होती, ते भडक्याला ठाऊक होतं. फिजिओच्या पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. मागच्या मैदानात त्याने तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. “बोललास तर जीभ हातात देईन,” असा दमही तेव्हाच मिळाला होता.

त्याने तिला कोपराने ढोसलं. “सांग ना आता.”

“गप बस.”

“कार्ड जाईल, म्हातारे!”

“जाऊ दे गेलं तर. तुझ्या आजोबांना काय वाटेल, ते कळतंय का तुला?”

तिकडे आजोबांचा पारा पार उतरला होता. कार्डावरचा फोटो अंगठ्याने पुसत ते बाईंना म्हणाले, “रोज त्याच दारातून येते हो ती. घामाघूम होऊन. मी पाण्याची बाटली पुढे करतो. मी कशाला खोटं बोलू?”

ते ऐकलं आणि आजी उठली. काठी बाकावरच राहिली. काउंटरपर्यंत कशीबशी पोचली आणि त्याची कड घट्ट धरून उभी राहिली.

“ते खोटं नाही बोलत, बाई. खोटं मी बोलले. मागच्या मैदानात मी गाडी शिकत होते. शिकवणाऱ्याला फोन लावा हवं तर. पण हे रोज मलाच न्यायला यायचे, हे खरं.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

भडक्या गर्रकन वळला. “दात काय काढतो रे? बँकेत ठेव ते, व्याज मिळेल!”

बाईंनी फोन लावला. शिकवणारा इतक्या मोठ्यांदा बोलत होता, की आजी क्लच सोडते म्हणजे भांडून दार आपटल्यासारखा सोडते, हे अख्ख्या रांगेला कळलं. बाईंनी ओठ आवळून हसू दाबलं आणि पावतीवर ‘रद्द’चा शिक्का मारला.

“न्यायला येणं नियमात बसतं. कुठून न्यायचं ते नियम विचारत नाही. कार्ड जपून ठेवा, आजी.”

पायऱ्या उतरताना आजोबांनी तिचा हात धरला होता, काठी भडक्याकडे होती. गाडीजवळ आल्यावर आजोबा उसळले.

“गाडी कशाला शिकायला हवी होती? मी मेलो का?”

“मेला नाहीत. पण दोन महिन्यांपूर्वी रिकाम्या उभ्या गाडीमागे हॉर्न वाजवत बसला होतात. वर मलाच म्हणालात, काय निवांत माणूस आहे बघ.”

भडक्याच्या जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं. त्याने ते गिळलं.

“तेव्हाच सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं, तर त्याच दिवशी किल्ली फेकून खिडकीत जाऊन बसला असतात. माझी परीक्षा होईपर्यंत तरी तुम्हाला चालवू दे म्हटलं.”

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. पुसून दिसायचं असतं तर केव्हाच दिसलं असतं.

“परीक्षा कधी आहे?”

“आज. चारला. पण आता राहू दे.”

“राहू दे काय, राहू दे!” त्यांनी किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली आणि टॅक्सीला हात केला. “पास होऊन ये, मग गाडी तूच काढ इथून. भडक्या, तू गाडीपाशी थांब.”

“आणि पुन्हा कुणी पावती फाडायला आलं तर?”

“भांड. तेवढं येतं तुला. मला हिला परीक्षेला न्यायचंय.”